न समजल्याचा दोष कोणाचा?

वर्गात धडा संपतो. हातातला खडू टेबलावर ठेवून गुरुजी विचारतात, “समजलं का?” आणि चाळीस मुले एका सुरात उत्तर देतात, “हो.” आपल्या शाळांतून रोज घडणारा हा प्रसंग आहे. त्या ‘हो’मध्ये किती मुलांचे मनापासूनचे ‘हो’ आहे, किती जणांनी शेजाऱ्याचे ऐकून म्हटले आहे आणि किती जणांना फक्त घंटा व्हायला हवी आहे, हे शिकवणाऱ्याला मनातून ठाऊक असते. तरीही तो पुढचा धडा उघडतो. मग परीक्षेत काही मुले कोरी पाने देतात, तेव्हा आपण म्हणतो, “आम्ही तर सर्व शिकवले होते. मुलेच लक्ष देत नाहीत.”

येथे एक प्रश्न उभा राहतो. तो केवळ अध्यापनशास्त्राचा नाही, नीतीचाही आहे. विहिरीतून पोहरा ओढला, हात दुखेपर्यंत ओढला, पण घागर कोरडीच राहिली, तर पाणी भरले असे म्हणता येईल काय? ओढणाऱ्याचे श्रम खरे आहेत, परंतु घागर रिकामी आहे हेही तितकेच खरे आहे. शिकवणाऱ्याने शिकवले आणि शिकणाऱ्याला समजले नाही, तर त्या न समजण्याचे उत्तर कोणी द्यावयाचे? या प्रश्नाचा विचार आपण जेथे राहतो त्या भूमीवर उभे राहून करावा असे आम्हांला वाटते. कारण बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांत तो फार तीव्रतेने पुढे येतो.

आपल्याकडची कितीतरी घरे पाहा. आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. त्या काळी सरकार-दरबारची भाषा उर्दू होती. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही शिक्षण उर्दूतूनच होत असे. आजोबांनी अलिफ-बे गिरवले आणि घरी येऊन आईशी मराठीत बोलले. १९४८ साली निजामाचे राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, आणि जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे होऊन काही तालुके मराठी मुलखात, काही तेलुगू मुलखात आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. वडील गावच्या मराठी शाळेत शिकले. मुलगा नोकरीचा विचार करून कन्नड शाळेत गेला. नात आता इंग्रजी शाळेच्या बसची वाट पाहत उभी असते. एकाच घरात चार पिढ्या आणि शाळेच्या भाषा चार! त्यात तांड्यावरचे मूल लमाणी बोलत येते आणि मोहल्ल्यातले मूल दखनी बोलत येते. कोणते राज्य कोणाचे हा वाद आम्हांला येथे मांडावयाचा नाही. आमचे म्हणणे इतकेच की, आपल्याकडे वर्गात बसलेले मूल पुष्कळदा दुसऱ्याच भाषेच्या घरातून उठून आलेले असते.

आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. सीमेवरच्या एका गावी आम्ही मराठी शाळेत गणित शिकवीत होतो. वर्गात एक मुलगा होता. त्याची आई कन्नड मुलखातली, गल्ली दखनी बोलणाऱ्यांची, आणि जवळची शाळा मात्र मराठी. तो कधी बोलत नसे. एके दिवशी फळ्यावर आम्ही लिहिले: ४० चे तीन छेद चार किती? त्याला उभे केले. तो फळ्याकडे पाहत राहिला. आम्ही दोन वेळा विचारले, तिसऱ्या वेळी आवाज चढवला आणि शेवटी “डोक्यात दगड भरलेत की काय?” असे म्हणून खाली बसवले. वर्ग हसला. आम्हीही हसलो.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी तो मुलगा आम्हांला आईच्या शेजारी पोत्यावर बसलेला दिसला. पुढे कांद्याचा ढीग होता आणि तराजू त्याच्या हातात होता. एका म्हाताऱ्या बाईंशी तो “अक्का, अक्का” करीत कन्नडमध्ये बोलत होता. त्याच दमात पलीकडच्या चाचांना दखनीत भाव सांगत होता. आम्हांला पाहून उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, काय देऊ?” चाळीस रुपये किलोचा भाव होता. आम्ही पाऊण किलो मागितले आणि शंभराची नोट दिली. त्याने कांदे तोलले आणि क्षणाचाही विलंब न लावता सत्तर रुपये आमच्या हातावर ठेवले.

पिशवी घेऊन आम्ही घरी आलो, परंतु ते सत्तर रुपये काही केल्या खिशात टाकवेनात. ४० चे तीन छेद चार म्हणजेच तीस. वर्गात ज्याच्या डोक्यात दगड होते, त्याने बाजारात हेच गणित आमच्याहून लवकर केले होते, आणि तेही तीन भाषांतून गिऱ्हाईक सांभाळीत. मग दगड कोठे होते?

पुढे वाचनात आले की हा अनुभव आमच्या एकट्याचा नाही. ब्राझील देशातील रेसिफे या शहरात काही संशोधकांनी रस्त्यावर नारळ, लिंबे विकणाऱ्या मुलांची अशीच पाहणी केली आणि ती १९८५ साली प्रसिद्ध केली. बाजारात विचारलेल्या हिशेबांपैकी शेकडा ९८ उत्तरे मुलांनी बरोबर दिली. तेच आकडे शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडून दिले, तेव्हा बरोबर उत्तरे शेकडा ३७ वर आली. मुले तीच आणि आकडेही तेच. बदलली होती ती विचारण्याची रीत.

यावरून शिकवणाऱ्याचे पहिले कर्तव्य स्पष्ट होते. मुलाला काय येत नाही हे पाहण्यापूर्वी त्याला काय येते हे त्याने शोधले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात जॉन मिल्टन ग्रेगरी नावाचे एक अमेरिकन पाळक आणि शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. शिकवण्याचे सात नियम सांगणारे त्यांचे लहानसे पुस्तक शब्बाथ शाळांच्या शिक्षकांत फार वाचले गेले. त्यांत एक नियम असा की, शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची भाषा समाईक असली पाहिजे. आणि दुसरा असा की, नवे ज्ञान जुन्या ज्ञानाच्या आधारानेच देता येते. ऐकायला हे किती सोपे वाटते! परंतु आमच्या त्या तासाला दोन्ही नियम मोडले होते. ‘तीन छेद चार’ ही आमची भाषा होती आणि ‘पाऊण’ ही त्याची. दोहोंमध्ये पूल बांधण्याचे काम आमचे होते. ते आम्ही केले नाही आणि पलीकडच्या तीरावरच्या मुलाला मात्र दोष दिला.

भाषेची गोष्ट आणखी थोडी उकलून पाहू. कन्नड घरातले मूल मराठी शिकताना “खुर्ची मोडला” असे म्हणते आणि वर्ग हसतो. परंतु कन्नड भाषेत निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. त्या सर्व नपुंसकलिंगी. खुर्ची ‘ती’ का आणि पलंग ‘तो’ का, हे त्या मुलाने कोठून जाणावे? ते चुकले, पण अडाणीपणाने नव्हे. त्याच्याजवळ एक नियम आधीच आहे आणि तो आपल्या नियमाहून निराळा आहे. उलट आपले मराठी मूल कन्नड शिकते तेव्हा त्याची फजिती दुसरीकडे होते. कन्नडमध्ये एकार आणि ओकार ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही असतात. ‘कोडु’ हा शब्द ऱ्हस्व ओकाराने उच्चारला तर ‘दे’ असा अर्थ होतो आणि दीर्घ ओकाराने उच्चारला तर ‘शिंग’ असा. मराठी कानाला हा भेद सुरुवातीला ऐकूच येत नाही. ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे तो मुलाला सांगेल, “बाळ, तुझ्या घरी असं म्हणतात, इथं असं म्हणतात.” ज्याला ठाऊक नाही तो छडी शोधील. आणि जेथे दोन्ही भाषा जवळ येतात तेथे तर शिक्षकाला आयतीच शिदोरी मिळते. अण्णा आणि अक्का दोन्ही घरांत आहेत. आपले तूप त्यांच्या घरी ‘तुप्प’ आहे. तेथून धडा सुरू केला तर मूल परके राहत नाही.

ही काही आजच निघालेली युक्ती नव्हे. बाराव्या शतकात याच जिल्ह्यातील कल्याण नगरीत बसवेश्वर आणि त्यांचे सोबती अनुभव मंटपात जमत, तेव्हा थोर विचार संस्कृतात न सांगता साध्या लोकांच्या कन्नडमध्ये सांगत. आणि ऐकणाऱ्यांत व बोलणाऱ्यांत चांभार, परीट व स्त्रियाही असत. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला तो याच कळकळीने. हुमनाबादजवळ माणिकनगरात राहिलेले माणिकप्रभू यांनी मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदे केली, कारण समोर बसणारी माणसे तितक्या भाषांची होती. आपल्या मंडळीच्या परंपरेतही हेच आहे. मोरेव्हियातील बिशप कोमेनियस याने मुलांना आधी मातृभाषेतून शिकवावे असा आग्रह धरला आणि १६५८ साली मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक काढले. त्याच्याही पूर्वी पौल प्रेषिताने करिंथ येथील मंडळीला बजावले होते की, कोणाला न समजणाऱ्या भाषेतील हजारो शब्दांहून ऐकणाऱ्याला समजणारे थोडे शब्द अधिक मोलाचे होत. समजणे ही ऐकणाऱ्याची मेहेरबानी नसून बोलणाऱ्याचे ऋण आहे, असाच याचा अर्थ नाही काय? आपल्या राज्यघटनेनेही १९५६ साली ३५०-क हे कलम घालून, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले आहे. परंतु कलमाने शाळा मिळेल. वर्गातला पूल शिक्षकालाच बांधावा लागेल.

आता नवे ज्ञान जुन्यावर कसे बसते ते आपल्या बिदरच्या कारागिरांकडून शिकावे. बिदरी काम करणारा कारागीर जस्त आणि तांबे यांचे भांडे ओततो, ते घासून गुळगुळीत करतो, त्यावर नक्षी रेखतो आणि मग बारीक छिन्नीने खाचा पाडतो. चांदीची तार त्यानंतर येते. खाच पाडल्याशिवाय नुसत्या गुळगुळीत भांड्यावर तार कितीही ठोकली तरी ती बसत नाही, निसटते. सर्वांत शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप देतात, तेव्हा भांडे काळे होते आणि चांदी उठून दिसते. आपण शिक्षक चांदी घेऊन येतो आणि घाईने ठोकू लागतो. खाच पाडण्यास वेळ कोणाला आहे? अभ्यासक्रम संपवावयाचा असतो. मग तार निसटली की भांड्याला दोष देतो.

याच बिदर शहरात महमूद गावानची मदरसा आहे. १४७२ च्या सुमारास ती बांधून झाली. तेथे ग्रंथालय होते, शिकवण्याची दालने होती, विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या राहण्याच्या खोल्या होत्या. आज तिची एक मोठी बाजू ढासळलेली दिसते आणि पुढच्या दोन मिनारांपैकी एकच उभा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे बंदुकीची दारू साठवली होती, तिचा स्फोट झाला आणि इमारतीचा भाग उडाला. विद्येच्या घरात दारू साठवली की काय होते, हे पाहण्यास आपल्याला दूर जावयास नको.

वर्गातली दारू म्हणजे भीती. छडीची भीती तर आहेच, पण हसे होण्याची भीती तिच्याहून वाईट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा देणे आणि मानसिक त्रास देणे या दोहोंना मनाई केली आहे. छडी पुष्कळ ठिकाणी गेलीही. परंतु “डोक्यात दगड भरलेत काय?” हे वाक्य गेले काय? ज्या मुलाला एकदा सर्वांसमोर हसले, ते मूल पुन्हा चूक करीत नाही, कारण ते पुन्हा बोलतच नाही. आणि जे बोलत नाही त्याला काय समजले नाही हे शिकवणाऱ्याला कधीच कळत नाही. चूक हा शिक्षकाचा दिवा आहे. तो फुंकर मारून विझवला तर चाचपडणेच नशिबी येते.

येथे कोणी शिक्षक बंधू-भगिनी आम्हांला थांबवतील आणि म्हणतील, “हे लिहिणे सोपे आहे. एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. निवडणुका आणि जनगणना आमच्याच गळ्यात. उसाच्या तोडीला आईबाप निघाले की मूल चार-चार महिने गायब. घरी पुस्तक उघडून बसवणारे कोणी नाही. या सर्वांचा दोषही आमचाच काय?” ही तक्रार खरी आहे. २०२५ साली दहावीच्या पहिल्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा कलबुर्गी जिल्हा राज्यात तळाशी होता. त्या एका आकड्यामागे गरिबी, रिकाम्या जागा आणि मागासपण यांचा मोठा इतिहास आहे, आणि तो सारा एका गुरुजींच्या माथी मारणे हा अन्याय होईल.

म्हणून दोष आणि जबाबदारी यांत भेद केला पाहिजे. दोष मागे पाहतो आणि विचारतो, हे कोणी केले? जबाबदारी पुढे पाहते आणि विचारते, आता हे कोण करील? मुलाच्या गरिबीचा दोष शिक्षकाचा नाही. घरची भाषा निराळी याचा दोष तर कोणाचाच नाही. परंतु ज्या पाऊण तासात मूल आमच्यासमोर बसले आहे, त्या पाऊण तासात त्याच्या गप्प बसण्याचे काय करावयाचे, हे दुसरे कोणी ठरवीत नाही, आम्हीच ठरवतो. आमच्या तालुक्यात काळी जमीन आहे आणि लाल मुरमाड माळही आहे. शेतकरी दोन्हींवर एकच पीक एकाच रीतीने घेत नाही. पाऊस त्याच्या हाती नाही, तरीही माळावर काय पेरावे आणि कसे नांगरावे याचा विचार तो करतोच.

शब्बाथ शाळेत शिकवणाऱ्या आपल्यांना पेरणाऱ्याचा दाखला फार प्रिय आहे. परंतु कधी कधी आपण त्याचा उपयोग स्वतःला सोडवण्यासाठी करतो. “बी चांगले होते, जमीनच खडकाळ,” असे म्हणून हात झटकतो. सात वर्षांच्या मुलाला खडक ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि ज्या प्रभूने हा दाखला दिला, तो स्वतः कोळ्यांशी जाळ्याच्या भाषेत बोलला आणि शेतकऱ्यांशी बियाण्याच्या भाषेत. पुष्कळदा उत्तर देण्याऐवजी त्याने ऐकणाऱ्यालाच प्रश्न विचारला आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढले.

तेव्हा आमची वाचकांना, विशेषतः शाळेत, शब्बाथ शाळेत किंवा घरी मुलांना शिकवणाऱ्यांना, एक विनंती आहे. “समजलं का?” हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवावा. त्याऐवजी मुलाला म्हणावे, “आता तू मला सांग.” त्याच्या भाषेत सांगू द्यावे, मोडक्या वाक्यात सांगू द्यावे, हातवारे करून सांगू द्यावे. ते चुकले तर हसू नये. कोठे चुकले आणि का चुकले ते पाहावे. वर्गात कन्नड, लमाणी किंवा दखनी घरातले मूल असेल तर त्याच्या भाषेतले निदान दहा शब्द आपण शिकावे. आणि ते शब्द त्याच्याकडूनच शिकावे. शिक्षक एकदा विद्यार्थी झाला की त्याला कळते, शिकणे किती अवघड आहे आणि चुकल्यावर कोणी हसले तर कसे वाटते.

त्या बाजाराच्या दिवसानंतर आम्ही फळ्यावर ‘तीन छेद चार’ लिहिण्यापूर्वी कांदे विकायला काढले. त्या मुलाला पुढे बोलावून तराजू धरायला सांगितला, आणि तो पहिल्यांदाच वर्गात बोलला. त्याने मोठ्याने सांगितले ते उत्तर बरोबर होते. आम्ही त्याची क्षमा मागितली काय? वर्गासमोर मागितली नाही. ते धैर्य आम्हांला झाले नाही, आणि ते ऋण अजून आमच्यावर आहे. पण त्यानंतर कोणतेही मूल गप्प उभे राहिले की आम्ही आधी स्वतःला विचारतो: याला येत नाही, की आम्ही अजून त्याच्यापर्यंत पोहोचलो नाही?